ग्रामसभा-जागृती प्रकल्पाचं मूल्यमापन: आधीची पाहणीच झालेली नाही, तर फरक मोजायचा कसा?

खाडीपलीकडची
नमस्कार मंडळी. किनारपट्टीच्या दोन तालुक्यांतल्या १२ ग्रामपंचायतींत तीन वर्षं नागरिक शिक्षणाचं काम चाललं. वाडीवाडीत पाच सत्रं झाली: ग्रामसभा, पंचायतीचा अर्थसंकल्प, माहिती अधिकार, पाणी समिती आणि शाळा व्यवस्थापन समिती. प्रकल्प संपलाय आणि आता मूल्यमापन करायचं आहे. अडचण ही की सुरुवातीची पाहणी झालेलीच नाही. हातात सत्रांच्या हजेऱ्या आहेत, फोटो आहेत आणि सत्र संपल्यावर भरून घेतलेले अभिप्राय आहेत. अभिप्रायांत सगळीकडे 'फार उपयुक्त' एवढंच, त्यातून काही हाती लागत नाही.
आधीची स्थिती आणायची कुठून? किती माणसांशी बोलायचं? आणि 'सहभाग वाढला' असं म्हणायला नेमकं काय मोजायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

नमुना_आठ
ताई, आधीची नोंद नाही असं समजू नका. ती पंचायतीच्या कपाटात आहे, ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत. प्रकल्पाआधीची दोन वर्षं आणि प्रकल्पाची तीन, अशी पाच वर्षांची पुस्तकं घ्या. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात, म्हणजे एका गावाच्या २० आणि १२ गावांच्या २४० सभा. शिवाय नियमित ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते, तिचं इतिवृत्त वेगळं पाहा. एका गावाला दोन माणसं आणि पूर्ण दिवस धरा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तक्त्यात उतरवायचं.

एखादं पान समोर ठेवून बघा. वर तारीख, वेळ, ठिकाण, अध्यक्ष. विषय क्रमांक १ बहुतेक 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. मग एकेक विषय, त्याखाली ठराव, त्याखाली सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते मंजूर'. शेवटचं 'सर्वानुमते' सोडून द्या, ते छापल्यासारखं प्रत्येक पानावर असतं. सूचक-अनुमोदकांची नावं मात्र एका कागदावर ओळीने उतरवा. पाच वर्षं तीच सहा माणसं आलटून पालटून येत असतील तर हजेरी १०० असो की २००, बोलणारे सहाच. सातवं नाव कधी आलं, ते बाईचं आहे का, कुठल्या वाडीचं आहे, हे मोजा. तुमचा पहिला निर्देशक हाच असायला हवा.

दुसरा निर्देशक 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या मथळ्याखाली मिळतो. लोक उठून बोलू लागले की आधी हा भाग फुगतो. लोकांना पद्धत कळली की विषय नोटिशीआधीच लेखी जातात आणि मुख्य विषयपत्रिकेवर येतात, म्हणून ऐनवेळचे विषय पुन्हा कमी होतात. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी ११ आणि तिसऱ्या वर्षी ५ असं दिसलं तर घाईने 'सहभाग घटला' असं लिहू नका. त्याच वर्षी विषयपत्रिकेवर गावकऱ्यांच्या अर्जावरून आलेले विषय किती, ते शेजारी मांडा.

रापणकर
नमुना_आठ यांच्याशी सहमत. पण हजेरी वाचताना कोकणात एक मोठा घोळ होतो, तो छेदाचा, म्हणजे टक्केवारी किती माणसांपैकी काढायची त्याचा.
ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. हिशेब केला तर ६६७ मतदारांच्या वर कुठल्याही गावाला १०० माणसं पुरतात आणि ४०० मतदारांच्या गावाला ६०. पण यादीतली नावं आणि गावात राहणारी माणसं यांत आपल्याकडे फार अंतर. यादीवर असलेले कितीतरी जण मुंबईला, ठाण्याला, पुण्याला नोकरीला. म्हणून 'मतदारांच्या अमुक टक्के हजेरी' हा आकडा इथे काहीच सांगत नाही. छेदाला प्रत्यक्ष राहणारे प्रौढ घ्या. नमुना ८ मध्ये (पंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) घरं मिळतात, पण बंद घरंही त्यातच असतात. घरात आज कोण राहतं ते आशाताईंच्या सर्वेक्षण वहीतून कळतं. ती वही दाखवायची की नाही ते त्यांच्या हातात नसतं, त्यामुळे घरटी माणसांचा नुसता आकडा मिळाला तरी भागवा, नावं मागू नका.

दुसरं, सभा पहिल्या बोलावण्याची होती की तहकूब, हा वेगळा रकाना ठेवाच. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. २० माणसांची तहकूब सभा कायद्याने चालते. दोन्ही प्रकार एकत्र करून सरासरी काढली तर ती निरर्थक.

तिसरं, महिना. सभा बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना किंवा त्यांच्या आसपास होतात. १ मेला चाकरमानी गावात असतात आणि बागायतदार आंब्याच्या पेट्या भरण्यात अडकलेले असतात. १५ ऑगस्टला लावणी उरकलेली असते, पण बंदर सुरू झालेलं असतं, कारण यांत्रिक नौकांची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. २ ऑक्टोबरला भातकापणी तोंडावर. म्हणून एका वर्षीच्या मेची तुलना दुसऱ्या वर्षीच्या मेशीच करा. जानेवारीची मेशी केली तर तुम्ही प्रकल्प नव्हे, हंगाम मोजताय.

खाडीपलीकडची
हे फार मोलाचं. आमच्या अहवालाच्या मसुद्यात सगळ्या सभांची एकच सरासरी होती, ती काढून टाकते. नमुना_आठ, सह्या खऱ्या आहेत की नंतर भरलेल्या, हे कसं ओळखायचं?

नमुना_आठ
हस्ताक्षरतज्ज्ञ व्हायची गरज नाही. चार गोष्टी दिसतात. सलग १०-१५ नावं एकाच वळणाची आणि एकाच शाईची. हजेरीचा सुटा कागद नंतर चिकटवलेला. इतिवृत्त संपतं तिथपासून अध्यक्षांच्या सहीपर्यंत अर्धं पान मोकळं. आणि हजेरीत जे नाव आहे तीच व्यक्ती त्या तारखेला बाहेरगावी होती असं गावात सहज कळतं. अशा सभेपुढे 'शंका' अशी खूण करा. तिचे आकडे गाळू नका आणि आरोपही करू नका. हिशेब दोनदा करा, शंकेच्या सभा धरून आणि वगळून. दोन्हीत निष्कर्ष तोच राहिला तर तो टिकाऊ. बदलला तर तसं स्पष्ट लिहा.
आणखी एक: पुस्तक मागायला जाताना आधी सरपंचांना आणि ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी) लेखी पत्र द्या, कशासाठी ते सांगा. नाहीच मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज आणि पानाला २ रुपये. ३० दिवस आधीच वेळापत्रकात धरून ठेवा.

कातळसडा
पुस्तकापाशी थांबू नका. माझ्या मते या सगळ्या कामाचा गाभा ठरावाचा माग काढण्यात आहे. लोक बोलले, ठराव झाला आणि पुढे काहीच हललं नाही, तर पुढच्या वर्षी लोक येत नाहीत. सहभाग टिकतो की विरतो ते इथे ठरतं.

प्रत्येक गावातून चिठ्ठ्या टाकून १० ठराव उचला, लोकांच्या मागणीवरून झालेलेच. १२ गावांचे १२० होतील. प्रत्येकाचा प्रवास असा तपासा: वार्षिक विकास आराखड्यात आला का, अंदाजपत्रक आणि मान्यता झाली का, कार्यारंभ आदेश निघाला का, मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे का, पैसे गेले का, आणि जागेवर काम आहे का. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो. बाकीचं पंचायतीत आणि पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात मिळतं. शेवटची पायरी पायीच. साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) झाला म्हणताय ना, तर त्यावरून चालून पलीकडे जा, दोन्ही टोकांचा फोटो घ्या आणि पलीकडच्या घरी विचारा की पावसात मुलं यावरून शाळेत जातात का.

ठराव जिथे अडला तिथे 'का' हे लिहिणं सर्वांत महत्त्वाचं. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत (२०२१-२६) ६० टक्के बंधित होते, म्हणजे ठरलेल्या कामांनाच: निम्मे पाण्याला आणि निम्मे स्वच्छतेला. उरलेल्या ४० टक्क्यांतच साकव, पाखाडी (पायऱ्यांची पायवाट), स्मशानशेड. मग वाडीची पाखाडी मागे पडली तर तो लोकांच्या सहभागाचा पराभव नसतो, त्या खात्यात पैसेच नसतात. तसंच धूपप्रतिबंधक बंधारा किंवा जेट्टी. गावाने कितीही एकमुखाने ठराव केला तरी ते काम पंचायतीच्या हातातलं नाही, पतन (बंदर) विभागाकडे जातं आणि किनारा नियमन क्षेत्राची परवानगी लागते. म्हणून अडलेल्या ठरावांची कारणं वेगळी ठेवा: निधीच्या अटी, कक्षेबाहेरचं काम, जागेचं संमतिपत्र नाही, तांत्रिक अडचण, पाठपुरावाच नाही. यांतलं शेवटचं कारण तेवढं तुमच्या प्रकल्पाच्या पदरात पडतं. संमतिपत्राचं कारण आपल्याकडे फार भेटेल. सातबारावर २५ नावं, त्यातली निम्मी मुंबईला.

सुरंगी
कातळसडा, एक भर. 'पाठपुरावा' मोजायला पोचपावत्या बघा. सत्रात पोच घ्यायला शिकवलं असेल तर गावात कुणाच्या तरी पिशवीत शिक्का मारलेल्या प्रती असायला हव्यात. तोंडी 'आम्ही अर्ज केला होता' आणि हातात तारखेची पोच, यांत शिक्षणाचा फरक दिसतो. किती पोचा, किती वेगवेगळ्या माणसांच्या, कुठल्या वाडीच्या.

बायकांबद्दल. महिला ग्रामसभेत झालेला ठराव त्यानंतरच्या मुख्य ग्रामसभेत वाचला गेला का, हे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहा. महिला सभेला ६० सह्या आणि मुख्य सभेच्या इतिवृत्तात त्या ठरावाचा उल्लेखही नाही, असं दिसलं तर तो खरा निष्कर्ष. सभेची वेळही लिहा. सकाळी ११ ला सभा असेल तर मासळी विकणाऱ्या बायका बाजारात असतात, त्यांना 'उदासीन' म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि एक गोष्ट बाहेरून येणाऱ्या मूल्यमापकांना कळतच नाही. आपल्याकडे निर्णय आधी वाडीच्या बैठकीत होतो. वाडीप्रमुख, मानकरी बसतात, मुंबई मंडळाचा (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा) फोन येतो, आणि ग्रामसभेत वाडीच्या वतीने एकच माणूस उठून बोलतो. फक्त ग्रामसभा मोजली तर ही वाडी गप्प दिसेल. वाडीच्या बैठकीला बायका बसतात का, तरुण बसतात का, वर्गणीचा हिशेब वाचला जातो का, हे स्वतंत्र विचारा. तीन वर्षांत काही बदललं असेल तर कधी कधी ते आधी इथेच बदलतं.

रापणकर
+१. मच्छीमार सोसायटीची वार्षिक सभाही पाहा. तिथे हिशेब विचारणारे वाढले असतील तर तोही याच सत्रांचा परिणाम असू शकतो.

भातखाचर
मुलाखतींबद्दल. किती माणसं, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. पाठ्यपुस्तकातला ३८४ माणसांचा आकडा (±५ टक्के चुकीसाठी सांगतात तो) इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण एका गावातली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात. गावांतर्गत सारखेपणा (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे सगळ्यांचं उत्तर एकच) ०.०५ धरला आणि गावटी ३० माणसं घेतली तर १ + २९ × ०.०५ = २.४५. म्हणजे ३६० मुलाखतींचं वजन ३६० ÷ २.४५ = सुमारे १४७ एवढंच, आणि चूक ±८ टक्के. गावटी १५ घेतली तर १८० मुलाखती, वजन सुमारे १०६, चूक ±९.५. दुप्पट मेहनतीला फरक दीड टक्क्याचा. मी तरी गावटी १५ ते २० वर थांबेन आणि वाचलेले दिवस कातळसडा म्हणतात तो माग काढण्यात घालवेन.

माणसं निवडताना गावातल्या तीन वाड्या चिठ्ठीने घ्या, पण पंचायतीपासून सर्वांत लांबची वाडी आणि बौद्धवाडी चिठ्ठीवर सोडू नका, त्या घ्यायच्याच. बंद घर लागलं तर शेजारचं उघडं घर घेण्याची सवय मोडा. तसं केलं की रस्त्याकडेची, कायम माणसं असलेली घरंच येत राहतात. आधीच राखीव घरांची यादी काढा आणि बंद घरामागे त्यातलं पुढचं घ्या. ज्यांनी सत्रं घेतली त्याच ताई-दादांना मुलाखतीला पाठवू नका. समोरचा माणूस त्यांचं मन मोडत नाही.

'ग्रामसभेबद्दल माहिती आहे का?' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. प्रसंग द्या: 'नळपाण्याची पट्टी वाढली असं कळलं. तुम्ही काय कराल?' गुण असे: काही करणार नाही ०, तोंडी विचारेन १, कोणत्या सभेत ठराव झाला ते विचारेन किंवा इतिवृत्त बघायला मागेन २, लेखी अर्ज करून पोच घेईन ३. उत्तर माणसाच्या शब्दांत जसंच्या तसं लिहा, मालवणी असो की संगमेश्वरी. गुण नंतर दोघांनी वेगवेगळे द्या. पहिल्या ३० उत्तरांत दोघांचं कितपत जुळतं ते बघा. फार फरक पडला तर गुणांची व्याख्या ढिली आहे.

खाडीपलीकडची
'तीन वर्षांपूर्वी तुम्हाला किती माहीत होतं' असं विचारून आधीची स्थिती काढता येईल का?

भातखाचर
ज्ञानाबद्दल विचारू नका, लोक आजच्या समजुतीने जुनं मोजतात. कृतीबद्दल विचारा आणि काळाला खूण द्या. 'तीन वर्षांपूर्वी' कुणाच्या लक्षात राहत नाही, पण 'मागच्या सरपंच निवडणुकीच्या आधी की नंतर' हे राहतं. जुन्या घटनांना दापोली-मंडणगडकडे निसर्ग वादळ (जून २०२०) आणि खाली देवगड-मालवणकडे तौक्ते (मे २०२१) या पक्क्या खुणा आहेत. 'वादळाच्या पंचनाम्यात नाव नव्हतं तेव्हा काय केलंत, आणि आता तसं झालं तर काय कराल?' या एका प्रश्नाला बरंच कळतं.

आणि सहा तुलनेची गावं घ्याच. समजा नव्या सूचकांची नावं तुमच्या गावांत ३१ वरून ५२ टक्क्यांवर गेली आणि तुलनेच्या गावांत २९ वरून ४१. तुमची वाढ २१, पण त्यातली १२ तशीही झाली असती. प्रकल्पाच्या वाट्याला ९. मध्येच पंचायतीची निवडणूक आली की सगळीकडेच नवी माणसं बोलू लागतात, ते तुमचं श्रेय नव्हे.

सुरंगी
तुलनेच्या गावांबद्दल मला शंका आहे. ज्या गावांना आपण काहीच दिलं नाही तिथे जाऊन तासभर प्रश्न विचारायचे आणि निघून यायचं, हे बरं नाही. शिवाय शेजारचं गाव घेतलं तर माहेर-सासर, आठवडा बाजार, बचत गटाचा ग्रामसंघ यांतून सत्रातल्या गोष्टी तिथे आधीच पोचलेल्या असतात.

भातखाचर
दोन्ही मुद्दे मान्य. मग असं करावं: तुलनेच्या गावांत मुलाखती नकोतच, फक्त प्रोसिडिंग बुक आणि ई-ग्रामस्वराज. गावं शेजारची नकोत, खाडीपलीकडची किंवा दुसऱ्या जिल्हा परिषद गटातली, पण मतदारसंख्या, तालुक्यापासूनचं अंतर, किनारा की सडा (कातळाचं पठार) आणि निवडणुकीचं वर्ष जुळणारी. निवडणुकीचं वर्ष चुकलं तर बाकी सगळं जुळून उपयोग नाही.

सुरंगी
हे चालेल. गटचर्चेसाठी एक साधी पद्धत सांगते. अंगणात खडूने गावाचा नकाशा काढायला लावा: वाड्या, विहिरी, शाळा, पंचायत, देऊळ. सहा ते आठ बायका, ४५ मिनिटं, एका वाडीच्या बायकांसोबत दुसऱ्या वाडीच्या नकोत. प्रत्येकीला १० काजूबिया द्या आणि विचारा, 'गावात कुणाच्या शब्दाला किती वजन? तेवढ्या बिया त्या ठिकाणी ठेवा.' मग त्याच बिया उचलून 'सत्रं सुरू व्हायच्या आधी कशा ठेवल्या असत्या?' दोन्ही वेळा फोटो घ्या, माणसांचा नव्हे, नकाशाचा. कोण बी ठेवताना थबकली, कुणी दुसरीकडे बघून हलवली, ते वहीत लिहा. आकड्यापेक्षा तिथली चर्चा जास्त सांगते.

गावात शिरताना 'मूल्यांकनाला आलोय' असं म्हणू नका. पंचायतीत 'मूल्यांकन' म्हणजे शाखा अभियंत्याने कामाचं मोजमाप करून बिलाची रक्कम ठरवणं. लोकांना वाटतं ठेकेदाराची चौकशी आली, आणि दारं बंद होतात. 'सत्रांचा काय उपयोग झाला ते विचारायला आलोय' असं सरळ सांगा.

कातळसडा
अहवालात नावं झाकताना काळजी घ्या. '४५ वर्षांची मच्छीविक्रेती, अमुक वाडी' एवढं लिहिलं की गावात ती कोण हे दोन मिनिटांत कळतं. वाडी गाळा किंवा वय गाळा. सरपंचांविरुद्ध बोललेली वाक्यं गावनिहाय प्रकरणात टाकूच नका, एकत्रित भागात न्या.
बाकी दोन समित्यांचं थोडक्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, ते कागदावर बहुतेक जमलेलं असतं. पालक सदस्यांनी मांडलेले विषय मोजा. पाणी समितीत बँक खात्यावर सही कुणाची आणि पासबुक कुणाकडे, एवढं विचारलं तरी पुरे.

खाडीपलीकडची
सर्वांचे मनापासून आभार. आता क्रम असा धरते: आधी पुस्तकं आणि पोर्टल, मग १२० ठरावांचा माग, मग गावटी १५ मुलाखती आणि दोन गटचर्चा. पावसाळ्यात कागदी काम आणि मच्छीमार वाड्या (जून-जुलैत माणसं घरी असतात), आडवळणाच्या वाड्या पाऊस ओसरल्यावर. गणपतीत मुलाखती नाहीत, पण मुंबई मंडळांशी त्याच दहा दिवसांत बोलून घेते.
मसुदा अंतिम करण्याआधी प्रत्येक गावाचे निष्कर्ष त्या गावच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचे आहेत. सरपंचांशी तोंडी बोलले आहे, ऐनवेळी घेऊ म्हणाले.

नमुना_आठ
ऐनवेळी नको, ताई. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विषय लेखी द्या, गावातल्याच कुणाच्या तरी सहीने, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.